पाठ टेकायला शिकताना : परदेशात गेलेल्या पैलवानाची घुसमट

"सात महिने झाले अमेरिकेत येऊन. अजून एकदाही टीव्हीवर दिसलो नाही. दिवसभर आपटून घेतो, रात्री झोप लागत नाही. घरचा फोन वाजला की उचलावासा वाटत नाही. मातीत कधी कुणाला भ्यालो नाही आणि इथं साधं पडायची भीती वाटते. मी कच्चा निघालो का? परत यावं तर गावात तोंड कसं दाखवू?"

हा प्रश्न एका पैलवानाचा. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला, मैदानं गाजवलेला. टीव्हीवर दिसते त्या व्यावसायिक कुस्तीच्या करारावर तो फ्लोरिडातल्या प्रशिक्षण केंद्रात गेला होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. शब्द वेगळे असले, तरी परदेशी करारावर गेलेले इतर खेळाडूही हेच विचारतात.

पहिल्या व्हिडिओ भेटीत आम्ही, त्याच्या समुपदेशकांनी, मनाच्या आधी डोक्याची चौकशी केली. झोप उडणं, चिडचिड, उजेड आणि आवाज सहन न होणं, कशात लक्ष न लागणं ही घराच्या ओढीची लक्षणं असू शकतात, तशीच डोक्याला बसलेल्या हादऱ्याचीही. या हादऱ्यात, म्हणजे कन्कशनमध्ये, शुद्ध हरपायलाच हवी असं नाही. रोज पाठीवर आदळणाऱ्या माणसाची मान एकदा जरी मागे झटकली, तरी मेंदूला हिसका बसू शकतो. तालमीत वाढलेला गडी असलं दुखणं सांगत नाही, कारण सांगणं म्हणजे माघार अशी त्याची समजूत असते. म्हणून आधी केंद्रातल्या डॉक्टरांकडे तपासणी, मग आमची पुढची भेट, असं ठरवलं. हादरा निघाला असता तर पहिले 24 ते 48 तास विश्रांती, मग हळूहळू पायऱ्यांनी सराव, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय एकही आदळआपट नाही, असा क्रम असतो. तपासणीत तसं काही निघालं नाही.

मग नऊ प्रश्नांची पीएचक्यू-9 ही प्रश्नावली भरून घेतली. तिचे गुण 0 ते 27 असतात आणि 10 किंवा त्याहून जास्त आले की नैराश्याची नीट तपासणी करावी लागते. त्याचे 11 आले. शेवटचा, नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. तो आम्ही तोंडी आणि स्पष्ट विचारतो. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसा विचार शिरत नाही. त्याचं उत्तर "नाही" होतं. तरी अमेरिकेतला 988 आणि भारतातला टेलिमानसचा 14416 हे दोन्ही मदतक्रमांक त्याच्या फोनमध्ये तिथल्या तिथे जतन करून घेतले, आणि दर दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरायची असं ठरलं.

आता मूळ प्रश्न. त्याचा देश आणि त्याचा धंदा एकाच दिवशी बदलले होते. दोन्हीकडचा ताण एकाच पोत्यात भरून त्यावर त्याने "मी कच्चा" अशी चिठ्ठी लावली होती. ते पोतं सोडवणं हे आमचं काम होतं, आणि सर्वांत घट्ट गाठ पडण्याच्या भीतीची निघाली.

मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की चीत. दहा-बारा वर्षांच्या पोरापासून पंचविशीच्या पैलवानापर्यंत अंगाला एकच शिकवण मिळते : काहीही होवो, पाठ लागू द्यायची नाही. ढाक डाव लागला तरी हवेत अंग वळवून पोटावर यायचं, नाहीतर डोकं आणि पाय टेकवून मानेवर कमान करायची, म्हणजे पूल बांधायचा. व्यावसायिक कुस्तीत मात्र पहिला धडाच पाठीवर पडण्याचा. रिंगच्या कॅनव्हासखाली पातळ फोम, त्याखाली लाकडी फळ्या आणि त्याखाली लोखंडी सांगाडा असतो, म्हणजे लागतं ते खरंच लागतं. पडताना हनुवटी छातीला, श्वास सोडत, पाठीचा वरचा रुंद भाग सपाट टेकवायचा आणि त्याच क्षणी दोन्ही हात तळवे खाली करून अंगापासून साधारण 45 अंशांवर आपटायचे, म्हणजे धक्का एका जागी न बसता पसरतो. हा पैलवान ऐन वेळी खांदा वळवत होता. म्हणजे पाठीऐवजी खांद्याच्या टोकावर किंवा कोपरावर पडायचा. कधी मान ताठ करून पुलाच्या तयारीत जायचा, आणि या खेळात सर्वांत धोक्याचं तेच. प्रशिक्षक म्हणत, घाबरू नकोस. तो घाबरत नव्हता. त्याचं अंग पंधरा वर्षांची आज्ञा पाळत होतं.

हे त्याच्यासमोर असंच मांडलं, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे वस्तादांचा हात अजून पाठीवर आहे." आम्ही म्हटलं, आहे, आणि तो काढायचाही नाही. फक्त रिंगमध्ये वेगळा कायदा चालतो, एवढं अंगाला शिकवायचं.

त्यासाठी प्रशिक्षकांच्या संमतीने पायऱ्या पाडल्या : आधी बसल्या जागेवरून मागे, मग उकिडवं बसून, मग उभ्याने, मग जोडीदाराने उचलून टाकल्यावर. प्रत्येक वेळी भीतीला 0 ते 10 मध्ये गुण द्यायचे आणि आकडा निम्म्यावर आल्याशिवाय वरची पायरी चढायची नाही. किती वेळा पडायचं हे प्रशिक्षक ठरवतील. आमची अट एकच, दमल्यावर हा सराव नको, कारण दमलेलं अंग जुन्या सवयीकडे पळतं. रात्री दहा मिनिटं डोळे मिटून तेच पडणं मनात सावकाश, स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल तसं पाहायचं. पहिले काही दिवस आकडा हलला नाही. मग उभ्याने पडण्याचा 8 वरून 5 वर आला, पुढे 3 वर. उचलून टाकण्याचा आकडा अजूनही कधीमधी वर जातो, आणि त्यात चुकीचं काही नाही.

पडण्यामागे आणखी एक गोष्ट दडली होती, लाज. गावातल्या कुणीतरी म्हटलं होतं, "नुरा कुस्ती खेळायला गेलाय." पैलवानाला यापेक्षा जिव्हारी लागणारी शिवी नाही. आमचं मत स्पष्ट आहे. नुरा कुस्तीत प्रेक्षकाला खरी लढत सांगून फसवलं जातं. व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरतो, हे प्रेक्षकाला माहीत असतं. तो बघायला येतो ती अंगाची ताकद, वेळेचं भान आणि दोघांनी मिळून रचलेली लढत. दारा सिंग 1947 मध्ये सिंगापूरला गेले आणि व्यावसायिक कुस्तीत शिरले, त्यांना कुणी कमअस्सल म्हटलं नाही. दलीप सिंग राणा म्हणजे खली 2007 मध्ये जागतिक हेवीवेट विजेता झाला आणि पुढे जालंधरला स्वतःचं प्रशिक्षण केंद्र काढून बसला. गावातल्या माणसाला हे पटवत बसायची गरज नाही, पण स्वतःला पटलेलं असावं लागतं. नाहीतर जोडीदाराने मारलेला फटका लागल्याचं दाखवताना चेहरा आखडतो, आणि तालमीत दुखणं गिळायला शिकलेल्या माणसाचा तर आधीच आखडलेला असतो. याचा सराव आरशासमोर, रोज पाच मिनिटं.

काही गोष्टी छोट्या, पण गैरसमज मोठे. तिथल्या ड्रेसिंग रूममध्ये आल्यावर प्रत्येकाशी हात मिळवायचा रिवाज आहे आणि तो अगदी हलका मिळवतात. मी तुझ्या अंगाची काळजी घेईन, असा त्यातला निरोप. आमचा पैलवान पंजा दाबून हात मिळवत होता आणि लोक लांब का राहतात हे त्याला कळत नव्हतं. प्रशिक्षकांना नावाने हाक मारताना जीभ अडखळायची, म्हणून तो हाकच मारायचा नाही, आणि ते समजायचे की याला शिकण्यात रस नाही. "कोच" हा शब्द दोन्ही बाजूंना चालला.

माइकवर बोलण्याच्या तासाची धास्ती तर पडण्याहून जास्त. वस्तादांपुढे मान खाली घालून उभं राहणारा मुलगा दोन मिनिटं स्वतःची फुशारकी कशी मारणार, तीही इंग्रजीत? त्याला आधी मराठीत, आपल्या कोल्हापुरी ठसक्यात बोलून फोनवर रेकॉर्ड करायला सांगितलं. ते ऐकून त्यातली चार वाक्यं निवडायची आणि तेवढीच इंग्रजीत, साध्या शब्दांत म्हणायची. मराठीत विचार करून घाईघाईने भाषांतर करायला गेलं की आवाज पडतो, आणि लोकांना शब्दाआधी आवाज ऐकू जातो. जपानी कुस्तीगीर असुका अमेरिकन टीव्हीवर बिनधास्त जपानीत बोलते, हेही त्याला दाखवलं.

देशाच्या बाजूचा सगळ्यात मोठा अडथळा भाषा नव्हता, गाडी होती. फ्लोरिडात गाडीशिवाय माणूस घरात कैद होतो. सरावाला सहकाऱ्याबरोबर जायचं, यायचं, आणि मग चार भिंती. एकटेपणावरचा पहिला उपाय म्हणून आम्ही वाहन परवान्याची तारीख ठरवून घेतली. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतात, म्हणून आधी शिकवणीचे काही तास घ्यायला लावले, आणि तिथला पूर्वीचा इतिहास नसल्याने विमा महाग पडतो हेही आधीच सांगितलं. परवाना मिळाल्यावर मंदिर, मराठी मंडळ, किराणा सगळं आवाक्यात आलं. एवढा फरक आमच्या बोलण्याने पडला नसता.

फोनचंही तसंच. फ्लोरिडा आणि भारतात उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर. घरचे सकाळी चहा घेताना फोन करायचे, तेव्हा हा झोपायच्या तयारीत असायचा. रोज "टीव्हीवर कधी दिसणार?" हा प्रश्न आणि त्यानंतर दोन तास जागरण. आम्ही रोजचे फोन बंद करून आठवड्यात तीन ठेवले, त्याच्या सकाळी, म्हणजे घरच्यांच्या संध्याकाळी. आईशी आम्ही एकदा बोललो. "आई, टीव्हीचं विचारू नका, काय जेवला ते विचारा," एवढंच सांगितलं. जेवणावरून ती आपोआप खुराकावर आली. घरची थंडाई आणि तूप त्याने तसंच चालू ठेवलं होतं, पण जोर-बैठका निम्म्यावर आल्या होत्या, म्हणून वजन वाढून रिंगमध्ये दम लागत होता. आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने बदाम राहिले, तूप कमी झालं. गावाकडून आलेली ताकदीची पावडर मात्र बंदच. त्यात काय मिसळलंय हे डब्यावर लिहिलेलं नसतं, आणि उत्तेजक चाचणीत खेळाडू सापडला तर डबा पाठवणाऱ्याला कुणी विचारत नाही.

पैशाची गाठ मात्र उशिरा सापडली, कारण तो बोलत नव्हता. पहिले सहा महिने जवळजवळ सगळी कमाई त्याने दादाच्या घराच्या स्लॅबसाठी पाठवली होती. या धंद्यात खेळाडू बहुधा नोकरदार नसतो, स्वतंत्र कंत्राटदार असतो. म्हणजे हातात येणाऱ्या रकमेतून कर कापलेला नसतो. करासाठी तो तिथला रहिवासी ठरला, तर मिळकत कराशिवाय 15.3 टक्के स्वयंरोजगार कर वेगळा, आणि भरायचे हप्ते चार : एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या 15 तारखेच्या आसपास. फ्लोरिडात राज्याचा मिळकत कर नाही, पण दुसऱ्या राज्यात लढत झाली तर तिथला लागू शकतो. त्याला करखात्याचं पत्र आलं तेव्हा खात्यात भरायला पैसे नव्हते. मग कर सल्लागार गाठला, हप्ते पाडून घेतले, आणि यापुढे प्रत्येक जमा रकमेतला तीस टक्के भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायचं ठरलं. दादाला त्याने स्वतः फोन करून आकडे सांगितले. फोनआधी तो पडण्यापेक्षा जास्त घाबरलेला होता. दादा म्हणाला, "आधी सांगायचंस की."

"परत यावं का" याचं उत्तर आम्ही दिलं नाही, देऊही नये. पण निर्णय रात्री दोन वाजता, दुखऱ्या अंगाने घ्यायचा नाही, हे ठरवलं. करार वर्षअखेरीला नव्याने होणार होता. त्याच्या दोन महिने आधीची एक तारीख निवडली आणि तोवर हा विषय डोक्यात आला की वहीत लिहून ठेवायचा. दरम्यान व्हिसाची माहिती वकिलाकडून लेखी घ्यायला सांगितली, कारण इथे ऐकीव माहिती महागात पडते. त्याचा पी-1 हा खेळाडूंचा व्हिसा कंपनीच्या अर्जाशी बांधलेला. ओ-1 या असामान्य कौशल्याच्या व्हिसावर असलेल्यांना काम सुटल्यावर 60 दिवसांपर्यंतची सवलत नियमात आहे, पण त्या यादीत पी-1 नाही. म्हणून परतीच्या तिकिटासह काही महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय घरी मोठी रक्कम पाठवायची नाही, असं त्याने स्वतःच ठरवलं.

आमच्या भेटींच्या चौथ्या महिन्यात प्रश्नावलीचे गुण 11 वरून 5 वर आले होते. छोट्या गावातल्या, टीव्हीवर न दिसणाऱ्या एका कार्यक्रमात तो पहिल्यांदा लढला आणि हरला, ठरल्याप्रमाणे, पाठीवर. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून घरी फोन लावला. पत्नीला तिकडे न्यायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. तिला पी-4 या कुटुंबीयांच्या व्हिसावर शिकता येईल, नोकरी करता येणार नाही, आणि ती इथे शिक्षिका आहे. पुढच्या दोन भेटी आता त्या दोघांच्या एकत्र आहेत.