अभिनय, लेखन की दोन्ही? इंदूरच्या एका पालकांना उत्तर

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपली कन्या इंदूरच्या महाविद्यालयात बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, हौशी नाट्यस्पर्धांत तिने भूमिका केल्या आहेत, दोन एकांकिकाही लिहिल्या आहेत. आता शिक्षण मध्येच सोडून तिला मुंबईला जायचे आहे आणि दूरचित्रवाणीवर अभिनय, लेखन, जमल्यास सूत्रसंचालन असे सगळेच करायचे आहे, असे आपण कळवले आहे. तिचे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असे होईल का, असे आपण विचारले आहे. शिवाय तिला किती वर्षांची मुभा द्यावी, हाही आपला प्रश्न आहे. मुलीने या क्षेत्रात जाऊच नये, असे आपण कुठेही म्हटलेले नाही, याचे मला समाधान वाटले.

अनेक कामे करणे हा इतर काही व्यवसायांत चंचलपणा ठरतो, हे खरे. दूरचित्रवाणीत मात्र जे दीर्घकाळ टिकले, त्यांच्यातील पुष्कळांनी एकाहून अधिक कामे केलेली दिसतात, आणि त्याचे कारण कामाच्या स्वरूपातच आहे. दैनंदिन मालिका आठवड्याला पाच-सहा भाग मागते. अर्ध्या तासाच्या प्रक्षेपणातून जाहिराती वजा केल्या की प्रत्येक भागात साधारण 22 मिनिटांचा मजकूर लागतो, म्हणजे महिन्याला 20 ते 25 भागांचे लेखन. ते एकट्याच्या हातून होत नाही, म्हणून कथा, पटकथा आणि संवाद अशी विभागणी असते, आणि संवाद लिहिणाऱ्याला पात्राच्या तोंडी वाक्य कसे बसेल याचे भान असावे लागते. ते भान ज्याने स्वतः रंगमंचावर उभे राहून वाक्ये म्हटली आहेत, त्याला लवकर येते. उलट बाजूने पाहिले तर नटाचे काम दुसऱ्याच्या निवडीवर अवलंबून असते. मालिका चालू असताना रोज बारा तास चित्रीकरण, आणि ती बंद झाली की कधी कधी कित्येक महिने केवळ ऑडिशन. त्या रिकाम्या महिन्यांत लिहिता येणारा माणूस निष्क्रिय राहत नाही.

श्री. दिलीप प्रभावळकर यांचे उदाहरण आपल्या पिढीला वेगळे सांगायला नको. ‘अनुदिनी’ हे सदर त्यांनी वर्तमानपत्रासाठी लिहिले, त्यावरून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका झाली आणि तिच्यातील आबांची भूमिकाही त्यांनीच केली. ‘हसवाफसवी’ हे नाटक त्यांनी स्वतः लिहिले आणि त्यातील सहा भूमिका स्वतःच केल्या. आपल्यातील नटाला काय करता येईल, हे त्यांच्यातील लेखकाने ओळखले होते. प्रिया तेंडुलकर यांना 1985 मध्ये ‘रजनी’ या मालिकेने घराघरांत पोहोचवले. ती प्रतिमा इतकी घट्ट होती की एखादी अभिनेत्री तिच्यातच अडकून पडली असती. त्यांनी कथालेखन केले आणि पुढे दूरचित्रवाणीवर चर्चेचा कार्यक्रम चालवला, तेव्हा लोकांचे प्रश्न ऐकून घेणारी लेखिका आणि पडद्यावर सहज वावरणारी अभिनेत्री या दोघी तिथे एकत्र कामाला आल्या.

आणि आपल्या इंदूरचेच पाहायचे तर स्वानंद किरकिरे आहेत. येथील मराठी घरातला हा मुलगा राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकला, मुंबईत गीते लिहिली, संवाद लिहिले, गायला, अभिनयही केला. गीतलेखनासाठी दोनदा आणि ‘चुंबक’ या मराठी चित्रपटातील भूमिकेसाठी सहायक अभिनेता म्हणून, असे त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आहेत. इतका गौरव सर्वांच्या वाट्याला येत नाही, आणि तो येईल असे मी आपल्या मुलीला कधीही सांगणार नाही. पण मराठी घर आणि हिंदी शहर या दोहोंत वाढल्याने जी दोन भाषांची समज येते, ती त्यांच्याप्रमाणेच तिच्याकडेही आहे. मुंबईत मराठी आणि हिंदी या दोन्ही वाहिन्यांसाठी लिहू शकणारी माणसे लागतात. मात्र ती समज काटेकोर झाली पाहिजे. मराठी बोलताना हिंदीची वाक्यरचना आणि हिंदी बोलताना मराठीचा हेल, हे आपल्याकडे घरात खपून जाते, ऑडिशनमध्ये खपत नाही. रोज अर्धा तास मोठ्याने वाचन, एक दिवस मराठी आणि एक दिवस हिंदी, एवढे तिने आजपासून सुरू करावे.

आपल्या भीतीतील एक भाग मला पूर्णपणे मान्य आहे. वर ज्यांची नावे घेतली, त्यांच्यापैकी कोणीही सर्व गोष्टी एकाच दिवशी सुरू केल्या नाहीत. एका कामात हात बसला आणि मग दुसरे त्याला येऊन मिळाले. आपल्या मुलीने पहिला पाया लेखनाचा घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लेखनाला कोणाच्या निवडीची वाट पाहावी लागत नाही, ते इंदुरात बसूनही होते, आणि वय वाढले म्हणून त्यातील संधी तितक्या झपाट्याने आटत नाहीत. अभिनेत्रींच्या बाबतीत हे क्षेत्र वयाचा हिशेब फार निष्ठुरपणे करते. हे मुलीला समजावून सांगताना तिच्या अभिनयाला कमी लेखले जात आहे असे तिला वाटू नये, याची काळजी कृपया घ्यावी.

पदवी मात्र तिने पूर्ण करावी. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या प्रवेशासाठी पदवी आणि रंगभूमीवरील प्रत्यक्ष अनुभव या दोन्ही अटी आहेत, पुण्याच्या विद्यापीठातील ललित कला केंद्रात नाट्यशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि भोपाळचे मध्य प्रदेश नाट्य विद्यालय तर आपल्याच राज्यात आहे. मधल्या काळात इंदूर काही ओसाड नाही. तेथील सानंद न्यास या सांस्कृतिक संस्थेच्या निरनिराळ्या प्रेक्षक-समूहांसाठी मुंबई-पुण्याच्या एकाच नाटकाचे लागोपाठ प्रयोग होतात. तिने एकच नाटक दोनदा पाहावे, दुसऱ्या वेळी वही घेऊन बसावे, आणि कोणत्या वाक्याला कालच्या प्रयोगात हशा होता पण आज नाही, हे टिपून ठेवावे. संवादलेखनाचे इतके चांगले शिक्षण विकत मिळणे कठीण आहे. आकाशवाणीच्या आवाज-चाचणीसाठीही तिने अर्ज करावा. केवळ आवाजावर पात्र उभे करण्याची सवय नटाला आणि लेखकाला सारखीच उपयोगी पडते.

किती वर्षे द्यावीत, याचे माझे उत्तर असे: पदवीनंतर प्रशिक्षण, आणि प्रशिक्षणानंतर मुंबईत तीन वर्षे. या तीन वर्षांत ती पडद्यावर दिसली का, हे मोजू नये. तिला काम देणाऱ्यांनी दुसऱ्यांदा बोलावले का, हे पाहावे. एखाद्या मालिकेच्या लेखन-चमूत सहायक म्हणून मिळालेले काम नातेवाइकांना दिसणार नाही, श्रेयनामावलीत नावही कदाचित येणार नाही, पण वाहिनीशी कथेवर चर्चा कशी होते आणि टीआरपी घसरला की कथानक एका आठवड्यात कसे वळवले जाते, हे तिथेच कळते.

पैशाचे नियोजन आपण स्वतः करून द्यावे. नटाला दिवसावर आणि लेखकाला भागावर मानधन ठरते, व ते हाती येण्यास अनेकदा 90 दिवस लागतात. म्हणून पहिले काम मिळाल्यानंतरही किमान चार महिन्यांचा खर्च जवळ असणे आवश्यक आहे. ऑडिशनसाठी किंवा भूमिकेसाठी जो पैसे मागेल, त्याच्याशी पुढे बोलूच नये. लिहिलेली कथा कोणाला ऐकवण्यापूर्वी तिने मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सदस्यत्व घेऊन ती तेथे नोंदवावी. ही नोंदणी ऑनलाइन होते. करारपत्रात दोन कलमे आधी शोधावीत: मालिका चालू असताना दुसरीकडे काम करण्यास मनाई आहे का, आणि श्रेयनामावलीत नाव देण्याचे स्पष्ट लिहिले आहे का. अभिनयाच्या करारातील मनाई लेखनालाही लागू होत असेल, तर ती तेवढी वगळून घेण्याची विनंती सही करण्यापूर्वीच करावी लागते, नंतर ती कोणी ऐकत नाही. आपण बँकेत नोकरी करता आणि मुलगी वाणिज्य शाखेत आहे. तेव्हा असे करारपत्र येईल त्या दिवशी आपण दोघांनी ते शेजारी बसून शेवटच्या पानापर्यंत वाचावे, आणि एखादे कलम कळले नाही तर ते मला पाठवावे.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक