सिग्नल मोटरसायकलला ओळखतच नसेल तर

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात पहाटे कामावर निघता, डावीकडे वळायच्या लेनमध्ये तुमची ३०० सीसीची गाडी एकटीच उभी असते, आणि मागून एखादी कार येईपर्यंत हिरवा बाण काही येत नाही. अशा वेळी लाल दिवा ओलांडायची मुभा असावी का, असं तुम्ही विचारलंय. हे दुखणं मला चांगलंच ठाऊक आहे. मुभा असावी, हे माझं ठाम मत, आणि तुमच्या राज्यात ती आहेही. पण रोज सकाळी तिचाच आधार घ्यावा लागणं हे सिग्नल सांभाळणाऱ्यांचं अपयश आहे, आणि ते त्यांच्याकडून दुरुस्त करून घेता येतं.

आधी उभं कुठे राहायचं ते. गाडी आली हे सिग्नलला कळावं म्हणून लेनच्या डांबरात चौकोनी खाच कापून तिच्यात तारेचे तीन-चार वेढे पुरलेले असतात, हाच लूप. तो वजनावर चालत नाही. वर धातू आला की त्या धातूत भोवरा-प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होतात, लूपचं इंडक्टन्स (तारेच्या वेढ्यांचा एक विद्युत गुणधर्म) घटतं, आणि कोपऱ्यावरच्या कॅबिनेटमधला डिटेक्टर तो फरक टिपतो. कारमुळे हा फरक काही टक्क्यांचा पडतो, छोट्या मोटरसायकलमुळे जेमतेम टक्क्याच्या एक-दोन दशांशाचा. ॲल्युमिनियमही चालतं, लोखंडच हवं असं नाही. म्हणून गाडीखाली चिकटवायची जी चुंबकं विकतात त्यांच्यावर पैसे घालवू नका. लूपला चुंबकाशी काही देणंघेणं नाही.

बहुतेक जण लूपच्या चौकोनाच्या बरोबर मधोमध थांबतात. साध्या चौकोनी लूपमध्ये मोटरसायकलसाठी नेमकी तीच जागा सगळ्यात कमजोर. दोन्ही चाकं रस्त्याच्या दिशेने जाणाऱ्या बाजूच्या खाचेवर, म्हणजे थेट तारेवर ठेवा. खाचा दोन नसून समांतर तीन दिसल्या तर मात्र मधली रेघ पकडा. त्या प्रकारात मधल्या तारांचा जोर जास्त असतो. वरून नवं डांबर पडून खाचा बुजल्या असतील तर कारच्या चाकांच्या पट्ट्यावर थांबा. लेन साधारण १२ फूट आणि लूप ६ फूट रुंद धरला तर लूपच्या कडा कारची चाकं जिथून जातात त्याच्या आसपासच येतात.

आता ज्या चुकीने सगळ्यात जास्त घोटाळा होतो ती. कंटाळून गाडी फूट-दोन फूट पुढे सरकवली जाते आणि स्टॉप लाइन मागे पडते. डावीकडच्या लेनमधले डिटेक्टर बऱ्याचदा असे लावलेले असतात की गाडी लूपवर आहे तोवरच हिरव्या बाणाची मागणी नोंदलेली राहते. गाडी सरकली की मागणी रद्द. म्हणजे लूपने तुम्हाला ओळखलंही असेल, पण सरकून तुम्हीच ती नोंद पुसली. मागच्या कारला जागा द्यायची म्हणून पुढे सरकत असाल तर कार नेमकी लूपवर येते आणि बाण मिळतो, एवढाच त्यातला फायदा. एकटे असाल तर जागचे हलू नका.

खांबावर कॅमेरा किंवा रडार असेल तर यातलं तारेचं काहीच लागू नाही. तिथे स्टॉप लाइनच्या लगेच मागे, लेनच्या मध्यावर, हेडलाइट लावून थांबायचं.

आता कायदा. मी वकील नाही, कलम स्वतः वाचा. शब्द बदललेले असू शकतात. व्हर्जिनियात मोटरसायकल, मोपेड आणि सायकलला पूर्ण थांबून सिग्नलची दोन पूर्ण आवर्तनं (सगळ्या दिशांच्या दिव्यांची एक फेरी म्हणजे एक आवर्तन) किंवा दोन मिनिटं, यातलं जे आधी होईल तेवढं थांबल्यावर, लाल दिव्याला स्टॉपच्या पाटीसारखं मानून, बाकी सगळ्यांना वाट देऊन पुढे जाता येतं. विस्कॉन्सिनमध्ये ही मर्यादा ४५ सेकंदांची आहे, इलिनॉयमध्ये १२० सेकंदांची. मिनेसोटाने २००२ मध्ये असा नियम केला, पण त्याची धाटणी वेगळी: तिकीट मिळू शकतं, कोर्टात बचाव मांडता येतो, आणि तो बचाव फक्त लाल दिवा ओलांडल्याच्या आरोपापुरता. अपघात झाला तर भरपाईच्या दाव्यात तो कामाचा नाही.

काही राज्यांत फक्त 'एक पूर्ण आवर्तन थांबा' असं म्हटलंय. हे लिहिणाऱ्यांना रात्रीचा सिग्नल कसा चालतो याची कल्पना नसावी. आडव्या रस्त्यावर कुणाची मागणीच नोंदली गेली नाही तर मुख्य रस्ता हिरव्यावरच थांबून राहतो. आवर्तन डोळ्यांना दिसतच नाही, मग मोजणार काय? म्हणून मर्यादा सेकंदांत हवी. व्हर्जिनियाचं 'यातलं जे आधी' हे मला त्यामुळेच योग्य वाटतं.

मुभा आहे म्हणून निघायचं असं नाही. आडवी वाहतूक ताशी ४५ मैलांची असेल तर ती सेकंदाला सुमारे २० मीटर येते. थांबलेल्या स्थितीतून बेताने निघून ३० मीटरचा चौक पार करायला साडेपाच सेकंद लागतात, तेवढ्यात कार ११० मीटर पुढे आलेली असते. दोन्ही बाजूंना दीडशे मीटर स्वच्छ दिसत नसेल, चढ किंवा वळण असेल, तर जाऊ नका. डावीकडे वळताना समोरून सरळ येणाऱ्यांनाही तेवढंच बघा, त्यांना हिरवा असतो. त्यापेक्षा उजव्या लेनमधून, मनाईची पाटी नसेल तिथे, लाल दिव्यावर थांबून उजवीकडे वळा आणि पुढे परवानगी असेल तिथून यू-टर्न घ्या. दोन मिनिटं जास्त जातात, जिवाला धोका कमी. पादचाऱ्यांचं बटण दाबून सरळ जाण्याचा हिरवा मिळू शकतो. डावा बाण त्याने येत नाही.

खरा उपाय तक्रारीचा, आणि तिथेच घोडं अडतं. एका कार्यालयाने माझी तक्रार 'तपासणी केली, सिग्नल व्यवस्थित' असा शेरा मारून परत परत बंद केली. राग येतो तो यासाठी, की तपासणीला माणूस पिकअपमधून जातो, पिकअप लूपवर उभी करतो, बाण येतो, शेरा तयार. मोटरसायकलची तक्रार पिकअपने तपासून काय कळणार? त्यात यंत्राचीही एक खोच आहे. तार तुटली तर डिटेक्टर सहसा कायमची मागणी देत राहतो, बाण उगाचच येत राहतो आणि बिघाड लगेच लक्षात येतो. डिटेक्टरची संवेदनशीलता कमी ठेवली असेल तर यंत्राच्या लेखी बिघाड नाहीच. बाजूच्या लेनमधले ट्रक चुकून नोंदले जातात म्हणून कुणीतरी ती कमी केलेली असते आणि नंतर तशीच राहते.

म्हणून 'सिग्नल बिघडलाय' असं लिहू नका. चौकातले दोन्ही रस्ते, तुमची दिशा, लेन, तारीख, वेळ, किती थांबलात, आणि कार आल्यावर बाण आला हे लिहा. चाकं खाचेवर असल्याचा फोटो जोडा. तो दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या, चालू रस्त्यात फोन काढू नका. मग स्पष्ट मागण्या करा: चाचणी मोटरसायकलने किंवा सायकलने घ्यावी, संवेदनशीलता एक पायरी वाढवावी, बाजूच्या लेनचा त्रास होत असेल तर रात्री आणि पहाटे त्या बाणाला 'रिकॉल' लावावा, म्हणजे गाडी ओळखली जावो न जावो, प्रत्येक आवर्तनात काही सेकंद हिरवा मिळतो. रिकॉलला रस्ता खोदावा लागत नाही, सिग्नल चालवणाऱ्या यंत्राच्या, कंट्रोलरच्या, सेटिंगचं काम आहे. 'बजेट नाही' हे उत्तर या मागणीला ऐकून घेऊ नका.

कॅलिफोर्नियाने २००८ पासून नव्या किंवा बदललेल्या सिग्नलना सायकल आणि मोटरसायकल ओळखणं बंधनकारक केलंय. सगळ्या राज्यांनी जायला हवं ते या दिशेने. ओलांडायची मुभा जोखीम चालवणाऱ्याच्या अंगावर टाकते, ही तरतूद ती सिग्नलच्या मालकाकडे ठेवते.

तक्रार बंद झाली तर नवी टाकू नका. जुनाच क्रमांक देऊन ती पुन्हा उघडायला सांगा आणि तपासणी कोणत्या वाहनाने केली हे लेखी विचारा. त्याआधी एक खात्री करा: तो सिग्नल राज्याचा, काउंटीचा की शहराचा. चुकीच्या दारात गेलेली तक्रार पुढे सरकवली जातेच असं नाही.