चिकटपणा, बहुवारिक आणि भोकराचं झाड

प्रश्न असा आलाय. विद्यापीठातल्या एका रिसर्च ग्रुपमध्ये पीएचडी करणारी एक मुलगी आहे, त्यांचा ग्रुप पॉलिमर अ‍ॅडहिजन आणि इंटरफेशियल मेकॅनिक्सवर काम करतो, म्हणजे लांबलचक साखळ्यांचे रेणू असलेले पदार्थ (पॉलिमर) दुसऱ्या पृष्ठभागाला कसे चिकटतात आणि दोघे भेटतात त्या सीमेवर (इंटरफेस) काय होतं यावर, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला शाळेतली पोरं लॅब बघायला येणारेत आणि त्यांच्यासाठी मराठीत पोस्टर करायचंय. तिचं म्हणणं, अ‍ॅडहिजनला चिकटपणा लिहिलं तर गाइड म्हणतात तो व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे द्रव किती घट्ट वाहतो त्याचा, शब्द आहे, आसंजन लिहिलं तर मैत्रिणी हसतात, आणि इंटरफेसला काय लिहायचं ते कोणीच सांगत नाही.

आधी गाइडचं बघू. चिकटपणा म्हणजे व्हिस्कॉसिटी नव्हे, नव्हे, नव्हे. हा घोळ ऐकून ऐकून माझे कान किटलेत. इंजिन ऑइलच्या जाहिरातींची भाषांतरं करणारे "कमी चिकटपणाचं ऑइल" असं बिनदिक्कत लिहितात. अहो, ऑइलचं कामच मुळी दोन भाग एकमेकांना चिकटू नयेत हे आहे, ते चिकटायला लागलं तर इंजिन बसेल ना! ऑइल घट्ट असतं नाहीतर पातळ असतं. नाना पेठेतल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा, तो दोन बोटांत ऑइल चोळून "पातळ झालंय, बदला" म्हणेल, "चिकटपणा उतरलाय" असं तो मेला तरी म्हणणार नाही. शिकलेल्यांनीच घोळ घातलाय. पुस्तकी शब्द हवा असेल तर विष्यंदिता आहे, श्यानता आहे, त्यातला कुठलाही घ्या आणि चिकटपणाला सोडा.

अर्थात हा घोळ मुळात इंग्रजीतूनच आलाय, कारण व्हिस्कॉसिटीच्या पोटात लॅटिन विस्कम आहे, म्हणजे मिसलटो, आपल्या बांडगुळाच्या जातीतली वनस्पती, आणि तिच्या फळांच्या चिकाचा लगदा फांद्यांना फासून लोक पाखरं पकडायचे. म्हणजे जो शब्द आज "किती घट्ट वाहतं" याचं माप आहे तो जन्मला चिकटण्यातून. हे फळ लक्षात ठेवा, पुढे अजून एक फळ येतंय आणि मला खरं तर तिथेच पोचायचंय.

पण त्याआधी चिकट आणि चिवट यांतला फरक, कारण पोस्टरवर तो गेला नाही तर पोरांना काहीच कळणार नाही. तुळशीबागेतून नवा स्टीलचा डबा आणला की त्यावरचं लेबल काढायचा जो उद्योग असतो तो आठवा. एक कोपरा नखाने उचलायचा आणि ओढायचं. अगदी हळू ओढलं तर लेबलाखालचा डिंक ताणला जातो, त्याच्या बारीक तारा निघतात, त्या तुटतात, आणि अर्धा डिंक डब्यावर अर्धा कागदावर राहतो. थोडं जोरात ओढलं तर जोर जास्त लागतो पण कधीकधी डबा स्वच्छ निघतो. (कागद फाटला नाही तर! आणि तो फाटतोच.) पहिल्या वेळी डिंक स्वतःच मधून फाटला, दुसऱ्या वेळी डिंक आणि स्टील यांची फारकत झाली. लॅबमध्ये हेच करतात, फक्त लेबलाऐवजी टेपची पट्टी असते, ओढायला मशिन असतं, कोन ९० किंवा १८० अंशाचा ठरलेला असतो आणि याला पील टेस्ट म्हणतात. दुसरी एक टेस्ट असते ज्यात एक छोटी दांडी डिंकावर टेकवून वर उचलतात आणि किती तार येते ते बघतात, तर ती म्हणजे आपल्या आज्या एकतारी पाक दोन बोटांत धरून जे बघायच्या तेच.

आता गंमत बघा. दोन पृष्ठभाग निव्वळ रेणूंच्या आकर्षणाने चिकटलेत ते वेगळे करायला कागदावरच्या हिशोबाने चौरस मीटरला साधारण ०.०५ ज्यूल ऊर्जा पुरायला हवी. प्रत्यक्षात चांगली टेप सोलायला शेकडो ज्यूल लागतात. हजारो पट! हा फरक जातो कुठे? तर डिंक ताणला जाण्यात, त्याच्या पोटातल्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींवर घासण्यात, म्हणजे उष्णतेत. यालाच मराठीत चिवटपणा म्हणतात. चिकटपणा फक्त धरून ठेवतो, सोडवताना घाम काढतो तो चिवटपणा, आणि ही जोडी आपल्या भाषेत आयती पडलेली असताना लोक चिकटपणा चिकटपणा करत बसतात.

अजून एक वैताग. "घोरपडीसारखा चिकटला." सिंहगडावर दर रविवारी कोणी ना कोणी पोराला तानाजीच्या घोरपडीची दंतकथा सांगताना म्हणतंच की ती कड्याला चिकटली. घोरपड चिकटत नाही हो. ती नखं रोवते. चिकटते ती पाल, तिच्या पायावर अतिसूक्ष्म केस असतात आणि त्यातल्या एकेका केसाचं बल २००० साली मोजलंसुद्धा गेलंय. पालीसारखा चिकटला म्हणा, घोरपडीसारखा धरून बसला म्हणा. पण सांगतो कोणाला.

आसंजनाला हसणाऱ्या मैत्रिणींना एवढंच सांगा की तो शब्द आ अधिक सञ्ज् असा आहे, सञ्ज् म्हणजे चिकटणं, आणि त्याच धातूतून आसक्ती आलीय, प्रसंग आलाय, आणि गीतेतला तो संग, ज्यातून पुढे सगळे घोटाळे होतात, तोही तिथलाच. मुळा-मुठेचा संगम मात्र यांच्या घरचा नाही, तो सम् अधिक गम्, दोघी एकत्र चालतात, चिकटत नाहीत. आणि सक्ती तर फारसीतून आलेली सख्ती, तिचा आसक्तीशी काडीचा संबंध नाही, तरी परवाच एक वक्ते व्यासपीठावरून "आसक्ती म्हणजे मनाची सक्ती" असं म्हणून टाळ्या घेऊन गेले. असो.

तर मुख्य मुद्दा. पॉलिमर. तुम्ही याबद्दल विचारलंच नाहीत कारण तुम्ही सरळ पॉलिमर लिहून मोकळ्या झालात, पण मराठीत त्याला शब्द आहे, बहुवारिक, आणि हा शब्द म्हणजे माझ्या मते आपल्या परिभाषा करणाऱ्यांनी केलेली सगळ्यात सुंदर करामत आहे. वरवर बघता बहु म्हणजे पुष्कळ, वार म्हणजे वेळा, तोच तोच घटक पुन्हा पुन्हा येतो म्हणून बहुवारिक. स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस, त्यानं १८३३ साली पॉलिमर शब्द बनवला तेव्हा ग्रीक पॉली म्हणजे पुष्कळ आणि मेरोस म्हणजे भाग असं धरलं होतं. म्हणजे शब्दाला शब्द ठेवायचा असता तर बहुभागी झालं असतं, बहुअंशी झालं असतं, हिंदीवाल्यांनी बहुलक केलं. आपल्याकडे वार कुठून आला?

अमरकोश उघडा, संस्कृतचा तो जुना शब्दकोश. वनस्पतींच्या वर्गात भोकराच्या झाडाची नावं दिलीत: शेलु, श्लेष्मातक, शीत, उद्दाल, आणि शेवटचं बहुवारक. बहुवारक! भोकराला संस्कृतात बहुवारक म्हणतात. आणि भोकर म्हणजे काय हे ज्याने एकदा तरी लोणच्यासाठी भोकरं फोडलीत त्याला सांगायला नको. हिरवं भोकर बत्त्याने हलकेच चेचायचं, आतली बी काढायची, तर बीभोवतीचा तो गर बोटांना असा धरतो की एका बोटाचा काढावा तर दुसऱ्याला लागतो, म्हणून काडी मिठात बुडवून तिने बी उचकटायची आणि हातालाही मीठ चोळायचं. पिकल्या भोकराच्या गराने पोरं पतंग आणि कागद चिकटवायची, डिंकाची बाटली कोणाला परवडत होती! आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो गर काय आहे? पॉलिसॅकराइड. म्हणजे साखरेच्या घटकांची लांबच लांब साखळी. म्हणजे पॉलिमर. म्हणजे बहुवारकाच्या फळात बहुवारिक भरलेलं आहे!

विस्कम आठवलं? तिकडे लॅटिनमध्ये चिकट फळातून व्हिस्कॉसिटी निघाली, इकडे चिकट फळाचं झाड पॉलिमरच्या मराठी नावात जाऊन बसलं.

माझं स्पष्ट मत आहे की ज्याने कोणी बहुवारिक शब्द घडवला त्याला अमरकोश पाठ होता आणि त्याने हा श्लेष मुद्दाम केलाय. आणि श्लेष म्हणजे तरी काय, श्लिष् धातू, मिठी मारणं, चिकटणं, एका शब्दाला दोन अर्थ चिकटलेले म्हणून श्लेष. भोकराचं दुसरं नाव श्लेष्मातक ते त्याच घरातलं, कफाला श्लेष्मा म्हणतात तेही. आणि तुमच्या लॅबमध्ये पॉलिमरचं संश्लेषण करतात की नाही, तेही तिथलंच. एवढे सगळे धागे एका ठिकाणी येतात आणि तो निव्वळ योगायोग?

हो, योगायोग, असं एक निवृत्त भाषातज्ज्ञ म्हणतात, आमच्या टिळक रोडवरच्या कट्ट्यावर दर वेळी म्हणतात. त्यांचं म्हणणं, मोनोमरला, म्हणजे साखळीतल्या सुट्या घटकाला, एकवारिक केलंय, म्हणजे वार ही सरळ पद्धत आहे, झाडबीड काही नाही, तुम्ही उगाच कविता करताय. बरं. पण एकवारिक आधी ठरला की बहुवारिक, ते तरी सांगा? मोठ्या भावाचं नाव ठरल्यावर धाकट्याचं त्याला जुळवूनच ठेवतात. आणि पारिभाषिक शब्दांत कविता नसते हे कोणी ठरवलं? त्यांनी स्वतः जन्मभर शासकीय मराठीचे नमुने तपासलेत, त्यामुळे शब्द बनवणारा माणूस मिश्कील असू शकतो ही शक्यताच त्यांच्या डोक्यात शिरत नाही. भोकर हा शब्दच बहुवारकातून आलाय असं मात्र मी म्हणत नाही, मधला क आडवा येतो, एवढं तारतम्य मलाही आहे.

आता याच्यापुढे जे सांगतो ते तर त्यांना ऐकवतसुद्धा नाही. श्लिष् पासून आश्लेषा, नववं नक्षत्र, आणि आश्लेषाची देवता कोण? सर्प. आता दोन प्लास्टिकचे तुकडे एकमेकांना खरंखुरं कसे जोडले जातात बघा. प्लंबर पीव्हीसी पाइप जोडताना दोन्हीकडे ते वासाचं सोल्युशन लावतो, पाइप आत घालून थोडा फिरवतो आणि धरून ठेवतो. सोल्युशनने दोन्ही पृष्ठभाग मऊ पडतात, इकडच्या साखळ्या तिकडे आणि तिकडच्या इकडे सरपटत जातात, एकमेकींत गुंततात, द्रावक उडून जातं आणि जोड पक्का. साखळ्यांच्या या सरपटण्याचं गणित फ्रान्सचे भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी १९७१ साली मांडलं, त्याला नाव दिलं रेप्टेशन, म्हणजे सापासारखं सरपटणं, आणि १९९१ चं नोबेल त्यांना मिळालं त्यात पॉलिमरवरच्या कामाचा मोठा वाटा होता. चिकटण्याचं नक्षत्र सापांच्या ताब्यात आणि चिकटण्याचं शास्त्र सापाच्या चालीवर! हे कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, फ्रान्समध्ये पंचांग कोण बघतंय, पण पोस्टरवर एका कोपऱ्यात साप काढायला काय हरकत आहे. पोरं थांबतील तरी.

इंटरफेसचं राहिलंच. आंतरपृष्ठ असा शब्द आहे, चालतो, पण पृष्ठ म्हटलं की पोरांना पुस्तकाचं पान दिसतं. तुम्ही मोठ्या अक्षरात "जिथे दोन पदार्थ भेटतात ती सीमा" असं लिहा आणि खाली बारीक अक्षरात आंतरपृष्ठ. मथळ्याला "बहुवारिकं चिकटतात कशी आणि सुटतात कशी", त्याखाली कंसात आसंजन. खरं तर या दोन प्रश्नांतच तुमच्या ग्रुपचं सगळं काम आलं. व्हिस्कॉसिटी कुठे लागलीच तर विष्यंदिता लिहा आणि गाइडना सांगा, चिकटपणा अ‍ॅडहिजनकडे राहील. टेबलावर एक स्टीलचा डबा लेबलासकट ठेवा, सोलायला द्या पोरांना. भोकरं फेब्रुवारीत मिळणं जरा अवघड आहे, मंडईत चौकशी करून बघा, नाहीतर लोणच्याची बरणी ठेवा.