आरोग्य प्रश्नोत्तरे : गाठ आणि ग्रंथी

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या गळ्यावर समोरून लिंबाएवढी गाठ दिसते. डॉक्टरांनी थायरॉइडची ग्रंथी वाढल्याचे सांगितले. शेजारच्या बायका मात्र म्हणतात की पायात काटा रुतल्यावर जांघेत अवधान येते, तसेच हे आहे, हळद-चुना लावा. मीठ बदलूनही गाठ जाईल, असेही कोणी सांगते. खरे काय समजावे?
— एक वाचक भगिनी, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ‘ग्रंथी’ या संस्कृत शब्दाचा अर्थच गाठ असल्यामुळे हा घोटाळा होतो. जांघेतले अवधान ही लसिकेची, म्हणजे पेशींभोवतालच्या पाण्यासारख्या द्रवाच्या वाटेवरची गाठ असते. जखमेतून आत शिरलेल्या जंतूंना तिथे पांढऱ्या पेशी अडवतात, म्हणून ती सुजते आणि जखम भरली की बहुधा उतरते. ती कोणताही रस तयार करत नाही. खरी ग्रंथी रक्तातून कच्चा माल घेऊन रस तयार करते. लाळ, घाम किंवा आईचे दूध नळीवाटे बाहेर येते. थायरॉइडला अशी नळी नाही, तिचा रस सरळ रक्तात उतरतो आणि म्हणूनच गळ्यातल्या सुमारे वीस ग्रॅमच्या या ग्रंथीचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांपासून शौचापर्यंत सगळीकडे जाणवतो.

सासूबाईंना उजेडात बसवून, हनुवटी किंचित वर करून पाण्याचा घोट गिळायला सांगा. घोटाबरोबर गाठ वर सरकून खाली आली, तर ती थायरॉइडचीच असण्याचा संभव मोठा आहे, कारण ही ग्रंथी श्वासनलिकेला चिकटलेली असते. घरच्या घरी यापुढे काही ठरवू नये. हळद-चुन्याचा लेप ग्रंथीच्या कामात काहीही फरक करत नाही, चुन्याने कातडी मात्र भाजते.

आता मिठाविषयी. थायरॉइडचा रस आयोडीनशिवाय तयार होत नाही आणि प्रौढ माणसाला रोज सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ते कमी पडले की ग्रंथी वाढून गलगंड होतो, म्हणूनच 1962 साली देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. आयोडीनयुक्त मीठ चुलीशेजारी उघडे ठेवले किंवा त्याला ओल लागली, तर त्यातले आयोडीन कमी होत जाते. त्यामुळे घट्ट झाकणाची बरणी जरूर वापरा. परंतु मीठ बदलून तयार झालेली गाठ जाईल, अशी आशा धरू नका. अनेकांच्या बाबतीत आयोडीन पुरेसे असूनही शरीराची प्रतिकारशक्तीच या ग्रंथीवर उलटते, तर काहींच्या ग्रंथीत स्वतंत्र गाठी होतात; त्यांतल्या बहुतेक साध्या असतात, थोड्या कर्करोगाच्या निघतात.

यासाठी रक्ताची टीएसएच तपासणी आणि गळ्याची सोनोग्राफी करून घ्यावी. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीचा रस आहे. थायरॉइड मंदावली की पीयूषिका तिला जागे करण्यासाठी हा रस वाढवते, म्हणून अहवालात आकडा वाढलेला दिसला तर थायरॉइडचे काम बहुधा कमी झालेले असते. गाठ भराभर वाढत असेल, आवाज बसला असेल किंवा घास अडकत असेल, तर पेरणी-निंदण आटोपण्याची वाट न पाहता सासूबाईंना जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्याच रसाची गोळी सुरू झाली, तर ती सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी, त्यानंतर अर्धा ते एक तास चहा घेऊ नये आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनंतरच द्यावी.

प्रश्न : तेंदूपत्ता तोडायला गेल्यावर पहिले आठ दिवस जीव नकोसा होतो, मग ऊन सोसते. घामाच्या ग्रंथी वाढतात का?
— एक वाचक, गडचिरोली जिल्हा

उत्तर : संख्या वाढत नाही, त्या आधीपासूनच लाखोंच्या घरात असतात. आठ-पंधरा दिवसांत त्या लवकर आणि जास्त घाम सोडू लागतात, शिवाय घामातले मीठ शरीरात परत ओढून घ्यायला शिकतात. हा बदल घडवणारा एक रस मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडून येतो. म्हणून पहिल्या आठवड्यात काम पहाटे उरकावे आणि पाण्याबरोबर मीठ घातलेले ताक किंवा पेज घ्यावी. सोबतचा माणूस बरळू लागला किंवा झोकांड्या देऊ लागला, तर त्याला घाम येत असो वा नसो, ताबडतोब सावलीत नेऊन त्याच्या अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.