पूर्व आफ्रिकेतल्या इरिट्रियाच्या सरकारवर नाराज असलेले परदेशस्थ इरिट्रियन लोकही त्याला २ टक्के कर का भरतात?

कारण कर भरल्याचा दाखला नसेल तर दूतावासातलं जवळपास प्रत्येक काम अडतं: पासपोर्टचं नूतनीकरण, जन्मदाखला, मुखत्यारपत्र, गावाकडच्या घराचा वारसा. १९९० च्या दशकातल्या कायद्याने हा कर निव्वळ उत्पन्नावर लागतो, आणि मागची वर्षं थकली असतील तर उत्पन्नाचे कागद दाखवून तीही चुकती करावी लागतात. खरा जाच पुढे आहे. सक्तीची राष्ट्रीय सेवा (कायद्यात १८ महिने, इथिओपियाशी झालेल्या १९९८ च्या युद्धापासून प्रत्यक्षात बेमुदत) सोडून पळालेल्यांना पश्चात्तापाच्या फॉर्मवर सही करावी लागते: सेवा पूर्ण न करून गुन्हा केला, होईल ती शिक्षा मान्य आहे. पैशापेक्षा ही सही कितीतरी अन्यायाची आहे. जर्मनीत असाल तर ती नाकारता येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की सही करायची इच्छा नसलेल्या, जर्मनीने संरक्षण दिलेल्या व्यक्तीवर इरिट्रियाच्या पासपोर्टसाठी तशी सक्ती करता येत नाही. अशा वेळी परदेशी नागरिकांसाठीचा जर्मन प्रवासदाखला मागावा. मात्र सगळेच दडपणाखाली भरतात असं नाही. इथिओपियाविरुद्धच्या १९९१ पर्यंतच्या स्वातंत्र्यलढ्याला पगारातून वर्गणी देणारे अनेक वयस्कर लोक तो देशाचं देणं समजून आपणहून भरतात.