'आण्विक जैवचिन्हक' म्हणजे रेडिएशन का?

प्रश्न: पुण्यात होणाऱ्या कर्करोगावरच्या एका चर्चासत्राचं मराठी पत्रक हाती आलं. विषय आहे 'कर्करोग उपचार आणि आण्विक जैवचिन्हके'. आमचे वडील म्हणाले, रेडिएशनबद्दल असणार. तसं आहे का? आणि असा शब्द मराठीत आहे का?

उत्तर: रेडिएशनचा इथे काही संबंध नाही. जैवचिन्हक म्हणजे बायोमार्कर: शरीरातली अशी खूण, जिच्यावरून रोगाबद्दल किंवा औषधाबद्दल काही कळतं. इथे ती रेणूंच्या पातळीवरची आहे. पण वडिलांनी मराठी बरोबरच वाचलंय, घोळ पत्रक लिहिणाऱ्याने घातलाय.

मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण सगळे हेच शिकलो. हिंदीत ॲटमला 'परमाणु' म्हणतात आणि मॉलिक्यूलला 'अणु'. म्हणून तुर्भ्याच्या भाभा केंद्राच्या हिंदी नावात 'परमाणु' आहे, आपण मात्र भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो. आता हिंदी मजकुरातला 'आणविक' थोडा घासूनपुसून मराठीत आणला, की तो थेट अणुभट्टी आणि अणुबॉम्बच्या पंगतीला जाऊन बसतो. त्यातून विषय कॅन्सरचा, जिथे रेडिएशन खरोखरच देतात. मग गैरसमज होणार नाही तर काय! इथे हवा होता 'रेणवीय'.

हिंदीवरून मराठी करणाऱ्यांचा पाय 'पेशी'वरूनही असाच घसरतो. आपली पेशी ती हिंदीची 'कोशिका'. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीसंशोधन संस्थेच्या हिंदी नावात हाच शब्द आहे. हिंदीत 'पेशी' म्हणजे स्नायू. (आणि कोर्टातली तारीखही. तो निराळाच शब्द, फारसीतून आलेला.)

'जैवचिन्हक' ठीक आहे. काही जण 'जैवसूचक' लिहितात, पण तो शब्द पर्यावरणवाल्यांनी आधीच घेतलाय. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हवेतला सल्फर डायऑक्साइड सोसत नाही, म्हणून ते जिथे भरपूर वाढतं तिथली हवा बरी समजायची. असं दगडफूल म्हणजे जैवसूचक. दोन्हींना एकच नाव कशाला? दवाखान्यात बोलताना मात्र सरळ 'बायोमार्कर' म्हणावं. रिपोर्टवर तेच असतं आणि डॉक्टरही तेच म्हणतात.

ही चिन्हं दिसतात कशी? स्तनाच्या गाठीचा तुकडा तपासायला जातो, तेव्हा पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन किती आहे ते पाहतात. काचपट्टीवर खास रंगप्रक्रिया केली की ते प्रथिन जिथे असेल तिथे पेशीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते. ती किती गडद आणि किती पूर्ण, यावरून ० ते ३+ असा आकडा देतात. २+ आला तर निकाल अधांतरी, मग फिश नावाची जनुकांची चाचणी करतात. ३+ आला तर ट्रास्टुझुमॅबचा विचार होतो. या औषधाला अमेरिकेत १९९८ साली परवानगी मिळाली.

मराठी लेखांत खरी गफलत होते ती पुढे. प्रोग्नॉस्टिक आणि प्रेडिक्टिव्ह हे मार्करचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींना सर्रास 'भाकीतदर्शक' लिहिलं जातं. पहिला सांगतो की रोग पुढे कसा वागेल. दुसरा सांगतो की अमुक औषध लागू पडेल का. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये केआरएएस जनुकात बदल सापडला, की नुसत्या सेटुक्सिमॅब या औषधाचा उपयोग होत नाही असं धरतात. हा दुसऱ्या प्रकारचा मार्कर, इथे उत्तर नकारार्थी आलं एवढंच. हर-टू दोन्ही कामं करतो, त्यामुळे गोंधळात भरच पडते.

पहिल्याला 'रोगगतिदर्शक' म्हणता येईल. आयुर्वेदात 'साध्यासाध्यता' हा तयार शब्द आहे, रोग साध्य की असाध्य याचा विचार. पण रुग्णाच्या हातातल्या कागदावर 'असाध्य' छापायला माझं मन घेत नाही. दुसऱ्यासाठी 'औषध लागू पडणे' हा घरोघरचा वाक्प्रचार असताना नवा संस्कृत शब्द घडवत बसू नये. 'गुण येणे'ही चाललं असतं, पण 'गुणदर्शक' म्हटलं की लोकांना गुणपत्रिका आठवेल आणि जीवशास्त्रवाल्यांना गुणसूत्र.

तेव्हा पत्रकावरचा विषय मी असा लिहिला असता: 'कॅन्सरचे उपचार: कोणतं औषध कोणाला लागू पडेल? रेणवीय जैवचिन्हकांवर (बायोमार्कर) चर्चासत्र'. एक ओळ वाढेल, वाढू दे.