कौलं आधी, पाटी नंतर

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत आयोवा राज्यात असते. गेल्या वर्षी तिच्याकडे गेलो तेव्हा मॅडिसन काउंटीतलं विंटरसेट गाव पाहिलं. चहूकडे मका आणि सोयाबीन, गावाच्या मधोमध दगडी कोर्ट, त्याच्या चारी बाजूंना जुनी दुकानं आणि बाहेर ओढ्यांवर छप्पर घातलेले लाकडी पूल. ‘नॅशनल रजिस्टर’ म्हणजे तिकडच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीची पाटी लोक कौतुकाने दाखवत होते. इकडे शुक्रवार पेठेत आमचा आजोबांच्या वेळचा वाडा आहे. हेरिटेज यादीत गेला तर खिळासुद्धा ठोकता येणार नाही, अशी धाकट्या भावांना धास्ती. वाडा गळतोय. काय करावं?
— एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : सर, तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पण आधी भावांच्या शंकेचं बघू.

तिकडची यादी 1966 च्या कायद्यातून आली. खासगी मालकाने हरकत घेतली तर त्याची वास्तू यादीत जात नाही. गेली तरी स्वतःच्या पैशाने तो तिच्यात बदल करू शकतो, पाडूही शकतो. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना लागणारं काम निघालं, तरच वास्तूवर काय परिणाम होईल ते आधी तपासावं लागतं. उत्पन्न देणारी जुनी इमारत ठरलेल्या निकषांनी दुरुस्त केली, तर खर्चाच्या 20 टक्के इतकी करसवलत मिळते. एखाद्या गावाने स्वतःचे कडक नियम केले असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा ती पाटी बहुतांशी मानाची असते.

आपल्याकडे यादीला बंधन आहे, हे भावांचं म्हणणं खरं. पण खिळ्याची भीती अनाठायी आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत वारसा वास्तूंच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत जवळपास काही बदलता येत नाही. दुसरीत आतले बदल बारकाईने तपासून मान्य होतात. तिसरीत आतले-बाहेरचे बदल बऱ्याच अंशी चालतात. परवानगी मात्र घ्यावी लागते. पेठेतल्या राहत्या वाड्याला कुणी नव्या राजवाड्याच्या पंगतीत बसवणार नाही, हे त्यांना समजावून सांगा.

आता गळतीकडे येते. तुम्ही पाहिलेल्या त्या पुलांवर छप्पर का असतं, हे कुणी सांगितलं का? पुलाची मोठी लाकडं महाग, बदलायला अवघड. वरच्या आणि बाजूच्या फळ्या स्वस्त. फळ्यांनी ऊनपाऊस खावा आणि आतलं लाकूड कोरडं राहावं, एवढाच त्यामागचा हिशेब. त्या काउंटीत असे 19 पूल होते, आज सहा आहेत. 1880 च्या दशकातली लाकडं अजून उभी आहेत ती या छपरांच्या जिवावर.

आपल्या वाड्याचं गणितही तेच. कौल फुटलं तर कौल बदलता येतं. तुळई कुजली तर सबंध खण, म्हणजे दोन तुळयांमधला भाग, खाली येतो.

हे मी घरच्या अनुभवावरून सांगते. मंगळवार पेठेतल्या आमच्या माहेरच्या घरी ओल दिसली म्हणून एका ठेकेदाराने भेंड्याच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या, भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. दोन पावसाळे भिंत देखणी दिसली. वरची गळती तशीच होती आणि आत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरली नाही. तिसऱ्या वर्षी भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक मी बोटाने दाबून पाहिलं, तर बोट पेरभर आत गेलं. चहाच्या चोथ्यासारखं ओलं, काळं लाकूड नखात आलं. तीच तुळई मधोमध ठोकली तर घंटेसारखी वाजत होती. तेव्हापासून कुठल्याही वाड्यात गेले की मी आधी तुळयांची टोकं बघते.

म्हणून सर, पाऊस सुरू व्हायच्या आत शाकारणी करून घ्या. सगळी कौलं उतरवून, त्यांच्याखालच्या लाकडी पट्ट्या म्हणजे रीपा तपासून, चांगली तेवढी परत चढवा. पन्हळी आणि वळचणीखालची जागा साफ करा, पाणी जोत्यापासून लांब जाऊ द्या. मग भिंती. सिमेंट असेल तिथे हलक्या हाताने काढा. मातीच्या भिंतीला मातीचा गिलावा लावा, विटांच्या भिंतीला चुन्याचा. चुन्यात भिजवलेला हिरडा आणि गुळाचं पाणी घालणारे जुने गवंडी अजून मिळतात. कामाच्या आधी आणि नंतर प्रत्येक खणाचे फोटो काढून ठेवा, पुढे परवानगीच्या वेळी उपयोगी पडतील.

आणि वीजजोडणी! सागवानावरून गेलेल्या जुन्या वायरी याच वर्षी बदला. कारण कुठलंही असो, लाकडाला आगीचा धोका कायमच. विंटरसेटजवळचा सीडर पूल 2002 मध्ये जळाला, पुन्हा बांधला, 2017 मध्ये कुणीतरी लावलेल्या आगीत पुन्हा गेला. लोकांनी 2019 मध्ये तिसऱ्यांदा उभा केला. आपण 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना पाहिलं. 1915 पासूनचा तो रंगमंच. दुसऱ्या दिवशी खासबागेच्या बाजूने चालताना नाकात बसलेला जळक्या लाकडाचा वास माझ्या अजून लक्षात आहे.

यादीचा अर्ज दिवाळीनंतर केलात तरी चालेल. तोवर तुळयांची भिंतीतली टोकं तपासा. एखादं मऊ लागलं तर त्याखाली लगेच टेकू द्या आणि फोटोसह मला पुन्हा लिहा.